फायलींखालचा वाडा: कचेरी झालेल्या वाड्याचा इतिहास कसा काढावा

आमच्या घरी 'वाडा' म्हणजे कचेरी. "हे वाड्यात गेलेत," असं आई म्हणाली की शेजारणींना कळायचं, कामावर गेलेत. माझे वडील पुणे महापालिकेत कारकून होते आणि महापालिकेचं कामकाज तेव्हा विश्रामबागवाड्यात चालायचं. दुसऱ्या बाजीरावानं स्वतःला राहायला बांधलेल्या वाड्यात बाबा मिळकतकराच्या पावत्या लिहीत. १९५९ मध्ये कचेरी शिवाजीनगरच्या इमारतीत गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. पण बाबा निवृत्त होईपर्यंत 'वाड्यात' असंच म्हणत राहिले.

मी स्वतः एकतीस वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली. त्यातली पहिली अकरा वर्षं एका पेठेतल्या वाड्यातच गेली. निवृत्तीनंतर अशा चार वाड्यांचे इतिहास मी काढले. आता कुणाच्या गावातल्या वाड्यात तलाठी कार्यालय असतं, कुणाच्या आजोळच्या वाड्यात बँकेची शाखा, कुणाच्या वाड्यात शिक्षण मंडळ. "याचा इतिहास कसा शोधायचा?" असं मला विचारतात. मी कसं करते ते इथं सविस्तर लिहिते. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत, कारण मला पुणं माहीत आहे.

आधी एक गोष्ट मनाशी ठरवून घ्या. वाडा बांधणाऱ्याचा इतिहास आणि वाड्याचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्रामबागवाडाच घ्या. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांच्या बागेच्या जागेवर तो उभा राहिला, बांधायला सहा वर्षं आणि दोन लाख रुपये लागले, १८०७ च्या सुमारास बाजीराव तिथं राहायला आला. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि पुढच्या वर्षी बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेला. म्हणजे मालकाचा मुक्काम जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. नंतरची दोनशे वर्षं कुणाची? १८२१ मध्ये इथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशवे श्रावणात शास्त्र्यांना दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी ती काढली. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता ते मेजर टॉमस कँडी पाठशाळेचे प्रमुख होते. १८५१ मध्ये पाठशाळेचं पूना कॉलेज झालं, तेच पुढे १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत डेक्कन कॉलेज म्हणून गेलं. मग सरकारी हायस्कूल, १८७९ ची आग, १९३० च्या सुमारास नगरपालिका, मग महापालिका, मग टपाल कचेरी आणि प्रदर्शनाची दालनं. आज आपण ज्या मराठीत लिहितो तिच्या गद्याचा काही भाग या वाड्यात घडलाय. आणि दारावरच्या पाटीपाशी उभे राहून लोक फक्त बाजीरावाचं नाव वाचतात. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्या वाड्याच्या बाबतीत असं होऊ देऊ नका.

पहिला दिवस कागदाशिवाय

पहिल्या दिवशी कुठलाही जुना कागद बरोबर नेऊ नका. कागद हातात असला की डोळे कागदात असलेलंच शोधतात. टॉर्च, पंधरा मीटरची टेप, खडू, वही आणि फोन एवढं पुरे. कचेरीच्या प्रमुखांची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडी परवानगी दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

दारापासून सुरुवात करा. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत माणसापुरती दिंडी कापलेली असते. दिंडी असेल तर तिचे बिजागर आणि मोठ्या दरवाजाचे बिजागर एकाच घडणीचे आहेत का ते पाहा. आत आलात की दोन्ही अंगांना देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची बसायची उंच जागा. कचेऱ्यांत हमखास इथं चौकशीची खिडकी नाहीतर सायकलस्टँड असतो. देवडीच्या जोत्याची उंची मोजा आणि आजच्या फरशीची पातळी मोजा. जोतं गुडघ्याच्याही खाली आलेलं असेल तर रस्ता आणि फरशी वर्षानुवर्षं चढत आलेत. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग रस्त्यावरूनच पाहता येतो. वर मेघडंबरी म्हणतात ती कोरीव सज्जाची जागा, खाली सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, महिरपींच्या कोपऱ्यांत केळफुलं. नजर सरावण्यासाठी आधी तिथं एक सकाळ घालवा, मग आपल्या वाड्याकडे जा.

आता खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुने गवंडी आणि सुतार खोली फुटांत सांगत नसत, 'पाच खणी', 'सात खणी' असं सांगत. एका वाड्यात खणाचं माप साधारण सारखं असतं. जिथं ते एकदम बदलतं तिथं खडूनं खूण करा. तिथं एकतर दुसऱ्या काळात बांधकाम वाढवलंय, नाहीतर मधला खांब काढून लोखंडी तुळई घातलीय. हा एवढा एक नियम पाळला तरी वाड्याचे अर्धे टप्पे कळतात.

खांबाच्या तळाशी दगडी उथळं असतं. फरशीखाली उथळी गाडली गेली असतील तर कुठल्यातरी कोपऱ्यात, बहुतेक कपाटामागं, एखादं उघडं सापडतं. ते शोधाच. मूळ जमिनीची पातळी त्यावरून मिळते आणि ती कुठल्याच कागदात लिहिलेली नसते.

कचेरी वाड्यावर कुठं कुठं लिहिते

कुटुंब घर बदलतं ते हौसेनं किंवा गरजेनं. कचेरी बदलते ती मंजुरी घेऊन. त्यामुळे कचेरीनं केलेल्या प्रत्येक बदलाला तारीख असते आणि ती तारीख शोधता येते. कचेरीच्या काळाला लोक नुसतं मोडतोडीचं युग म्हणतात, पण संशोधकाला तो काळ फार उपयोगी पडतो.

रंगापासून बघा. मी नोकरीला लागले त्या वाड्यातल्या सागवानी खांबांना दर दोन-तीन वर्षांनी करडा ऑइलपेंट मारायचे. मार्चअखेर निधी उरला की रंग. एका खांबाचा टवका उडाला तेव्हा मी ब्लेडनं हळूच कडा घासून पाहिली. वरून करडा, करडा, फिका हिरवा, पिवळट, गडद हिरवा, चॉकलेटी, आणि तळाशी तेलपाणी केलेलं लाकूड. सात थर. प्रत्येक थर म्हणजे एक दुरुस्ती, आणि दुरुस्तीचं बिल कुठंतरी असतंच. तुम्ही हे करणार असाल तर फक्त आधीच निघालेल्या टवक्यावर करा आणि परवानगी घेऊन करा. चांगला रंग खरवडू नका. नाण्याएवढी जागा पुरते, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा.

छपराला जरा वेळ द्या. मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यापासून आपल्याकडे पसरली. म्हणजे तुमच्या पेशवाई वाड्यावर मंगलोरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ च्या आधीचं असूच शकत नाही. खाली मूळ छपराच्या ओंडक्यांचे जुने खाचे दिसतात का ते पाहा. कौल उलटं केलं तर कारखान्याचा शिक्का असतो. तो टिपून घ्या. लोखंडी तुळयांवरही कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं, टॉर्च तिरपी धरली की अक्षरं उठून दिसतात.

खिळे बघा. जुने लोहारी खिळे चौकोनी, निमुळते, डोकं ओबडधोबड. तारेचे गोल खिळे कारखान्यातले, बऱ्याच नंतरचे. विटाही बघा, जुन्या विटा पातळ आणि चपट्या असतात आणि चुन्यात बसवलेल्या असतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसला तर थांबा आणि भिंतीला हात लावा. बहुतेक वेळा ती दमट लागेल. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती आत कोंडतं. हे इतिहासासाठी टिपाच, पण कचेरीच्या अभियंत्यांनाही सांगा. आतलं लाकूड तिथंच कुजतं.

विजेच्या वायरीसुद्धा बोलतात. लाकडी पट्टीवरून नेलेली वायर, चिनीमातीचे फ्यूज, काळी गोल बटणं, मग पांढरी प्लॅस्टिकची बटणं, मग पीव्हीसी पाइप. कुठल्या खोलीत सर्वांत जुनी बटणं आहेत ते नकाशावर लिहा. वीज आली तेव्हा ज्या खोलीत साहेब बसत होते तिथं ती आधी आली.

आणि खोल्यांचे नवे उपयोग. यात काही गोष्टी इतक्या वेळा दिसतात की मी आता त्या आधी शोधते. देवघर भक्कम, लहान आणि एकच दार असलेलं, म्हणून तिथं रेकॉर्ड रूम. दिवाणखाना मोठा, म्हणून तो प्लायवूडनं कापून सहा टेबलांचा विभाग. मुदपाकखान्यात, म्हणजे स्वयंपाकघरात धुराडं, म्हणून तिथं चहाची जागा. चौकातला हौद धोक्याचा, म्हणून त्यावर स्लॅब आणि स्लॅबवर स्कूटर. हौद सापडला तर त्याला पाणी कुठून यायचं ते विचारा. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात पाणी आणणारा बांधीव नळ केला होता, माणूस चालू शकेल एवढा. पेठांतल्या कित्येक हौदांना त्याचं पाणी होतं. मी काम केलेल्या चारपैकी तीन वाड्यांत "इथून पर्वतीपर्यंत भुयार आहे" असं मला सांगितलं गेलं. एका ठिकाणी ते धान्याचं तळघर निघालं, दोन ठिकाणी पाण्याचा मार्ग. भुयाराची गोष्ट सांगणाऱ्याला तोडू नका. तो दाखवील त्या जागी खरंच काहीतरी असतं.

कागद, आजपासून मागे

लोक थेट मोडी लिपीतल्या जुन्या कागदांकडे धावतात. तसं करू नका. आजच्या कागदापासून एक-एक पायरी मागे जा, नाहीतर मधेच दुसऱ्याच्या वाड्याचा इतिहास लिहून बसाल. एका पेठेत एकाच आडनावाचे दोन-तीन वाडे असतात.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर लागतो, तो करआकारणीच्या उताऱ्यावर किंवा शेजारच्या मिळकतींच्या नंबरांवरून मिळतो. पत्रिकेच्या वरच्या भागात क्षेत्र, सत्ता प्रकार, सुविधाधिकार, मूळ धारक, पट्टेदार, इतर भार असे रकाने असतात. लोक नाव वाचून थांबतात. तुम्ही सुविधाधिकार वाचा. 'पश्चिमेकडील बोळातून सांडपाणी जाण्याचा हक्क' अशी एखादी ओळ असते आणि त्यावरून कळतं की आज बंद दिसणारा बोळ पूर्वी वाहता होता. खाली तारीखवार फेरफार असतात. वारस, खरेदी, भाडेपट्टा, सरकारजमा, सगळं. याच कार्यालयात चौकशी नोंदवही असते. पहिल्यांदा मोजणी झाली तेव्हा मालकी कशी शाबित केली ते तिच्यात थोडक्यात लिहिलेलं असतं. ती मागायला विसरू नका, खिडकीवर स्वतःहून कुणी सांगत नाही.

पुढचा टप्पा कचेरीच्या स्वतःच्या कागदांचा. बांधकाम खात्याकडे मोजमाप पुस्तकं असतात. कुठल्या खोलीला किती चौरस मीटर गिलावा केला, किती कौलं बदलली, हे त्यात खोलीवार असतं. आणि कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर असतं. याच्या प्रेमात मी आहे हे मोकळेपणानं सांगते. टेबल, खुर्ची, पंखा, घड्याळ, कपाट, प्रत्येकाचा नंबर, खरेदीची तारीख आणि कुठल्या विभागात ठेवलं ते. फर्निचरच्या पायावर पांढऱ्या रंगात तोच नंबर असतो. एका वाड्यात १९४० च्या दशकातल्या रजिस्टरात मला 'झोपाळ्याच्या पितळी कड्या, ४' अशी नोंद मिळाली. कचेरीला झोपाळा कशाला? मालकांचा झोपाळा काढून कड्या भांडारात जमा केल्या होत्या. मग दिवाणखान्याच्या तुळईवर चार भोकं शोधली, ती रंगाखाली बुजवलेली सापडली. त्या घरातल्या एक आजी तेव्हा नव्वदीत होत्या. त्यांना फोटो दाखवला तर त्यांनी झोपाळा कुठल्या दिशेला तोंड करून असायचा ते सांगितलं.

कचेरी कागद दाखवायला तयार नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'वाड्याची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं तर काहीच मिळत नाही. 'अमुक इमारतीच्या सन १९६० ते १९७० मधील दुरुस्तीच्या मोजमाप पुस्तकांच्या प्रती' असं लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं आणि प्रतीला पानामागं दोन रुपये पडतात. आणखी चांगलं म्हणजे अभिलेख पाहण्याची परवानगी मागा आणि स्वतः जाऊन बसा. गठ्ठ्यात शेजारी काय बांधलंय ते प्रतीत दिसत नाही.

जुनी नावं गोळा करत चला. नारायण पेठेतला केसरीवाडा आधी गायकवाडवाडा होता. टिळकांनी तो १९०५ मध्ये बडोद्याच्या महाराजांकडून घेतला आणि तिथं 'केसरी'चं कार्यालय, छापखाना आणि घर एकत्र नांदू लागलं. आता १९०५ च्या आधीचे कागद 'केसरीवाडा' या नावानं शोधाल तर जन्मभर सापडणार नाहीत. तुमच्या वाड्याला 'जुनी कचेरी', 'शाळेचा वाडा', 'अमक्या सावकाराचा वाडा' अशी तीन-चार नावं असतील. ती सगळी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कागद नसतील तर का नाहीत हे शोधा, तोही इतिहासच आहे. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा जळाला आणि त्याच आगीच्या प्रकारात विश्रामबागवाड्याचाही भाग गेला. बुधवारवाड्यात सरकारी कचेऱ्या होत्या, नेटिव्ह जनरल लायब्ररी होती. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे ते दिवस, म्हणून संशय लगेच तिकडे गेला. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग लोकांच्या वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या मदतीनं परत बांधला. म्हणून तिथं एकाच वाड्यात दोन काळांचं लाकूडकाम आहे आणि एकाचं वय दुसऱ्याला चिकटवायचं नाही. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांचं दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, त्या पाण्यात कित्येक घरांच्या ट्रंकाच्या ट्रंका गेल्या. तिथं घरातले कागद मिळत नाहीत म्हणून निराश होऊ नका, सरकारी प्रतीकडे वळा.

पेशवाईच्या दारात

इथवर आलात की मग जुने कागद. आधी १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा. तिसऱ्या भागात शहराचं वर्णन आहे, पेठा, वाडे, त्या वर्षी कुठल्या वाड्यात काय होतं तेही. इंटरनेटवर फुकट मिळतं. इतर जिल्ह्यांचीही अशीच गॅझेटिअरं आहेत.

मूळ कागदांसाठी पुण्यात दोन जागा. कौन्सिल हॉलजवळचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात, आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं. दप्तरात कागद फडक्यांत बांधलेले असतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. 'वाड्याचे कागद द्या' म्हणून कुणी देऊ शकत नाही. तुम्हाला व्यक्तीचं नाव, काळ आणि विषय लागतो. इमारतखर्चाचे हिशेब, इनामाचे कागद, कारखान्यांचे, म्हणजे पेशव्यांच्या खात्यांचे जमाखर्च असं मागावं. मोडी येत नसेल तर शिका. तीन महिने रोज अर्धा तास बसलं तर वळणं ओळखू येतात. मी साठाव्या वर्षी शिकले. तोवर जाणत्या मोडीवाचकाला योग्य मोबदला देऊन वाचून घ्या, आणि लिप्यंतराबरोबर मूळ कागदाचा फोटोही जपा.

तारखा अडवतात, म्हणून त्याचं सांगते. पेशवाईच्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो, आधी एकं. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. 'समान मयातैन व अलफ' म्हणजे आठ, दोनशे आणि हजार, १२०८. त्यात ५९९ मिळवले की १८०७. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला मृगाबरोबर बदलतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला ५९९ ऐवजी ६०० मिळवा. शक असेल तर ७८, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. फसली, म्हणजे महसुली वर्ष असेल तर ५९०, जानेवारी ते मृगापर्यंत ५९१. या गणितात एका वर्षाची चूक फार सहज होते आणि मग वाडा विकत घेण्याआधीच बांधलेला दिसतो. हिशेब वहीत पूर्ण मांडून ठेवा, नुसतं उत्तर लिहू नका.

माणसं

शिपायांशी बोला. साहेब बदलतात, शिपाई वीस-वीस वर्षं त्याच जिन्यावर असतात आणि किल्ल्या त्यांच्याकडे असतात. "कुठली खोली पावसात गळते?" "कुठल्या खोलीत एकटं बसायला नको वाटतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नानं छपराचा जोड सापडतो. दुसऱ्यानं कधी बाळंतिणीची खोली सापडते, कधी कुणाच्या मरणाची हकिकत.

निवृत्त कारकुनांना पेन्शनरांच्या बैठकीत गाठा आणि कोरा नकाशा पुढं ठेवा. "तुमचं टेबल कुठं होतं?" एवढंच विचारायचं. बाबांना मी हे विचारलं तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. त्यांनी पेन्सिल घेतली, खिडकी दाखवली, टेबल काढलं, मग शेजारचं टेबल, मग पाण्याचा माठ, मग दुपारी ऊन कुठपर्यंत यायचं ती तिरपी रेघ. तो कागद माझ्याकडे आहे. महापालिका तिथं होती हे कुठंही वाचता येईल, पण ऊन तिसऱ्या टेबलापर्यंत यायचं हे त्या एका कागदावरच आहे.

मूळ घराण्यातल्या लोकांकडे जाताना जपून जा. वाडा गेल्याचं दुःख असतं, कुठं कोर्टकज्जा चालू असतो, कुठं भाडेकरूंचा प्रश्न. मालकीबद्दल मत देऊ नका. जुने फोटो, लग्नातले ग्रूप फोटो, मुंजीचे फोटो मागा. मागं दिसणारे खांब, दारं, कठडे तुम्हाला हवे असतात, माणसं त्यांना हवी असतात. फोटो घरी नेऊ नका, तिथंच फोनवर काढा आणि त्यांनाही एक चांगली प्रत द्या. माणसांची नावं विचारून घ्या, पण छापण्याआधी पुन्हा विचारा.

मांडणी

शेवटी सगळं एकत्र आणायचं, तेव्हा माझा धंदा कामी येतो. आधी आजचा नकाशा नीट मोजून काढा, प्रत्येक मजल्याचा वेगळा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि एकेका काळाचा एकेक कागद करा. बांधणाऱ्याचा काळ, शाळेचा काळ, पहिल्या कचेरीचा, आजचा. पालिकेच्या नकाशांत पाडायचं बांधकाम पिवळ्यानं आणि नवं तांबड्यानं दाखवतात, तीच पद्धत ठेवा, म्हणजे अभियंत्यालाही वाचता येईल. ज्या भिंतीचा काळ पुराव्यानं ठरला ती सलग रेघेनं काढा, अंदाजाची तुटक रेघेनं. प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात पुरावा: 'मोजमाप पुस्तक', 'आजींची आठवण', 'खणाचं माप बदललं'. संगणकावर करणार असाल तर थर वेगवेगळे ठेवा, काम तेच आहे.

लिहिताना प्रत्येक काळाला त्याच्या लांबीइतकी जागा द्या. ज्यानं बांधला त्याला दोन पानं आणि ज्यांनी दीडशे वर्षं वापरला त्यांना दोन ओळी, असं करू नका. पाठशाळेतले शास्त्री, हायस्कूलची मुलं, पावत्या लिहिणारे कारकून, झाडणाऱ्या बाया, सगळे त्या वाड्याचे आहेत.

तीन प्रती करा. एक कचेरीच्या अभिलेखात आवक नंबर घेऊन जमा करा, नंबर पडला की ती सहजासहजी फेकली जात नाही. एक गावच्या वाचनालयाला. एक मूळ घराण्याला. वाडा वारसायादीत असेल तर वारसा विभागालाही द्या, दुरुस्तीच्या वेळी त्यांना हेच नकाशे लागतात.

आणि शेवटच्या पानावर तुम्ही कुठल्या महिन्यांत मोजणी केली ते लिहा आणि न पाहिलेल्या खोल्यांची यादी द्या. माझ्या पहिल्या अहवालात ती नव्हती. सहा वर्षांनी कचेरी हलली, जिन्याखालची एक खोली उघडली, आणि आत जुन्या दरवाजाच्या दोन कोरीव फळ्या उभ्या होत्या. माझ्या नकाशात तिथं नुसती भिंत होती. आता मी लिहिते: 'जिन्याखाली, उत्तरेची खोली. कुलूप होतं. किल्ली मिळाली नाही.'